एका दिवसाची बाटली : संकटात देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं

आमच्या घरात पाच वर्षं सकाळी सहाला पहिलं काम ठरलेलं होतं, पाण्याची बाटली भरणं. एक लिटरची, आतलं पाणी दिसेल अशी. यांच्या, म्हणजे माझ्या मिस्टरांच्या, दोन्ही किडन्या २०१७ मध्ये निकामी झाल्या आणि डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. पाणी, चहा, आमटी, ताक सगळं मिळून दिवसाला एक लिटर, त्याच्या वर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग मी युक्ती केली. हे कपभर चहा प्यायले की तेवढंच पाणी बाटलीतून काढून तुळशीपुढच्या कढीपत्त्याला घालायचं. (तुळस शेजारच्या आक्कांची, कढीपत्ता आमचा, कट्टा दोघींचा.) बाटलीत दिसेल तेवढंच आजचं शिल्लक. उद्याचं आज घेता यायचं नाही.

मी चौतीस वर्षं नर्स होते. शिकले मिरजेला, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभारलेल्या मिशन हॉस्पिटलात, आणि नोकरीचा बहुतेक काळ कोल्हापुरात काढला. दुसऱ्यांच्या खाटेशेजारी उभं राहून मी कितीतरी वेळा म्हटलंय, ‘देवावर भरवसा ठेवा.’ आपल्याच माणसाच्या खाटेशेजारी बसल्यावर कळलं, की हे वाक्य ऐकणाऱ्याच्या हातात काहीच देत नाही. ठेवा म्हणजे काय करू? उठल्यावर काय करू, रात्री दोनला जाग आल्यावर काय करू? मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, तरुण सुना मला हेच विचारतात, ‘सिस्टर, तुम्ही कसं केलंत?’ म्हणून जे केलं ते लिहिते. चुकलं तेही लिहिते.

तक्रार देवाकडेच न्या

पहिले तीन महिने माझ्या प्रार्थनेत एकही खरं वाक्य नव्हतं. कौटुंबिक प्रार्थनेत मी म्हणायची, ‘हे दयाळू पित्या, तुझे आभार मानतो.’ आणि भांडी घासताना मनात वेगळंच चाललेलं असायचं. बहिणीला फोन करून रडायची, पाळकबाईंकडे बोलायची, रिक्षावाल्यालासुद्धा सांगायची. फक्त ज्याच्याबद्दल तक्रार होती त्याच्यापुढे गोड बोलायची. मला वाटायचं, विश्वास असलेल्या बाईनं कुरकुर करू नये.

एका रात्री झोप लागेना म्हणून बायबलातली स्तोत्रसंहिता उघडली आणि तेरावं स्तोत्र वाचलं. अवघी सहा वचनं. दावीद पहिल्याच वचनात देवाला विचारतो, तू मला कुठवर विसरणार, कायमचाच का? ‘कुठवर’ हा प्रश्न तो दोन वचनांत पुन्हा पुन्हा विचारतो. पुढच्या दोन वचनांत मागणं आहे : माझ्याकडे बघ, मला उत्तर दे, नाहीतर मी मरेन. आणि शेवटच्या दोन वचनांत, परिस्थिती काहीही बदललेली नसताना, तो म्हणतो, की माझा भरवसा तुझ्या दयेवर आहे.

दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा असल्या विलापांचा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. तरीही ते शास्त्रात आहे आणि देवालाच उद्देशून आहे. हे ज्या रात्री कळलं त्या रात्री माझ्या छातीवरचा दगड हलला. तक्रार देवाकडे नेणं हाच भरवसा. जो ऐकणारच नाही असं वाटतं, त्याच्याशी कुणी भांडायला जात नाही.

तर कृती अशी. स्वयंपाकघराचं दार लावा किंवा गच्चीवर जा. मोठ्यानं बोला, मनात नको, मनात बोललं की विचार भरकटतात. देवाला ‘तू’ म्हणून हाक मारा आणि तेराव्या स्तोत्राच्या क्रमानं जा. आधी काय दुखतंय ते नाव घेऊन. ‘माझ्या अडचणी’ असं मोघम नको. ‘काल यांच्या हाताच्या फिस्टुल्यात (डायलिसिससाठी जोडून केलेल्या शिरेत) सुई तीनदा टोचावी लागली आणि मला ते बघवलं नाही’ असं बोला. मग काय हवं ते स्पष्ट मागा. आणि शेवटी, मन तयार असो वा नसो, एक भरवशाचं वाक्य. माझ्याकडून पुष्कळ दिवस एकच निघायचं. मार्काच्या शुभवर्तमानात मुलासाठी व्याकूळ झालेला बाप येशूला म्हणतो ते, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ येशूनं त्या बापाला परत पाठवलं नाही, आधी विश्वास पुरा करून ये असं म्हटलं नाही. त्याचा मुलगा बरा केला.

तेविसावं स्तोत्र लहानपणापासून पाठ होतं, पण त्यातली एक गोष्ट डायलिसिसच्या खोलीत बसून म्हणतानाच लक्षात आली. हिरवीगार कुरणं, संथ पाणी, तिथवर दावीद मेंढपाळाला ‘तो’ म्हणतो. मृत्युच्छायेची दरी आली की म्हणतो, ‘तू माझ्याबरोबर आहेस.’ दरीत शिरल्यावर ‘तो’ चा ‘तू’ झाला. मी हे यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘दरीत माणूस लांबनं कसा बोलंल?’

आजच्यापुरतं मागा

बाटलीकडे परत येते, कारण माझं खरं शिक्षण तिनंच केलं.

इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा तो रोजच्यापुरता. कुणी उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडायचे, घाण सुटायची. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. हे बायबलातल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मी कितीदा संडे स्कूलला शिकवलं असेल. आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज म्हणतो, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ महिन्याचं रेशन मागायला प्रभूनं शिकवलं नाही.

मी मात्र पुढच्या पाच वर्षांचा भरवसा एकदम मागत होते. यांना किडनी मिळेल का, पैसे पुरतील का, मुलाची फौंड्रीतली नोकरी टिकेल का, मी एकटी पडले तर काय? एवढं सगळं पेलणारा विश्वास माझ्यात सकाळी सहाला कधीच नसायचा, म्हणून मला वाटायचं माझ्यात विश्वासच नाही. बाटली भरताना एक दिवस म्हटलं, प्रभू, आज एक लिटरच दे. आज मंगळवार आहे. आज रिक्षा, सुई, चार तास, घरी येऊन मऊ भात. एवढ्यापुरता भरवसा दे. तो मिळाला. बुधवारी पुन्हा मागावा लागला.

‘पूर्ण भरवसा’ म्हणतात तो मला असाच समजलाय. साऱ्या आयुष्याचा भरवसा आजच बांधून ठेवायचा नसतो. आजचा दिवस त्यातलं काही मागं न ठेवता देवाच्या हातात द्यायचा असतो.

करून बघायचं असेल तर सकाळी एक कागद घ्या. पुढच्या बाजूला फक्त आजची कामं लिहा, अगदी साधी : औषधाच्या दुकानात जाणं, भाजी दोन पाण्यांत उकळून पाणी टाकून देणं (किडनीच्या पेशंटला जास्त पोटॅशियम चालत नाही, म्हणून), विम्याचा अर्ज. मागच्या बाजूला उद्याच्या आणि पुढच्या काळज्या लिहा. मागची बाजू देवाला एकेक ओळ वाचून दाखवा, कागद बायबलात घालून ठेवा आणि पुढच्या बाजूच्या कामाला लागा. काळजी दिवसभरात दहादा परत येईल. प्रत्येक वेळी एवढंच म्हणायचं, ‘ते कागदावर आहे, तुझ्याकडे दिलंय.’ पहिल्या आठवड्यात मला हे खोटं वाटत होतं. तरी करत राहा.

पाणी चढतं तेव्हा

ऑगस्ट २०१९ मध्ये हे सगळं कसाला लागलं. शाहूपुरीत कुंभार गल्लीकडच्या भागात आम्ही राहतो. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागं सरकतं आणि आमच्याकडे शिरतं. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

शनिवारी यांचं डायलिसिस झालं होतं. सोमवारी पाणी दारात आलं, मंगळवारी तळमजल्यात कमरेएवढं. आम्ही वरच्या मजल्यावर आक्कांकडे. मंगळवारचं डायलिसिस चुकलं. नर्स असल्यामुळे मला माहीत होतं पुढं काय होतं : पोटॅशियम वाढतं, फुप्फुसात पाणी साठतं, हृदय थांबू शकतं. शहराच्या पाण्याचे पंपच बुडाले होते, त्यामुळे चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही. महामार्ग शिरोलीजवळ बंद, त्यामुळे दूध नाही, पेट्रोल नाही. आणि यांचा एक लिटरचा मी अर्धा लिटर केला होता. ‘अगं, घोटभर तरी दे की,’ असं हे म्हणायचे आणि मी ओल्या कापसानं ओठ पुसायची.

त्या दिवशी मी दर दहा मिनिटांनी मोबाइल बघत होते. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडे, बंधाऱ्यावर किती फूट. प्रत्येक आकड्यानं हातपाय गार पडायचे. शेवटी यांनीच मोबाइल मागून घेतला आणि उशाखाली ठेवला. मग ठरवलं, पातळी सकाळी सातला एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा बघायची. मधल्या वेळात जे हातात आहे ते करायचं. मी केलं ते हे : यांची फाइल, औषधं आणि दोन चादरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या. दर दोन तासांनी नाडी आणि श्वास मोजून लिहिला. रात्री किती उशा लागतात ते लिहिलं, कारण आडवं पडल्यावर दम लागला तर फुप्फुसात पाणी चढतंय असं समजायचं. ओळखीच्या सगळ्यांना निरोप दिला, की डायलिसिसचा पेशंट आहे, बोट आली तर आधी इकडे. आणि यशयाचा त्रेचाळिसावा अध्याय मोठ्यानं वाचला. तू पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, असं देव तिथं म्हणतो. पाणी येणारच नाही, असं तो म्हणत नाही. हे मी आधी कधी नीट वाचलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी तालमीतली पोरं बोट घेऊन आली. ‘काकी, घाबरू नगा, आम्ही हाय की,’ म्हणाले आणि यांना खुर्चीसकट उचललं. कुणाच्या गळ्यात गणपतीचं लॉकेट, कुणाच्या दंडाला ताईत. उंचावरच्या भागातल्या एका हॉस्पिटलात रात्री आठला मशीन मिळालं. पाच दिवस झाले होते. देवानं त्या गुरुवारी कुणाचे हात वापरले हे मला विचाराल, तर मी त्या पोरांकडे बोट दाखवेन.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. फाइल पिशवीत बांधणं आणि प्रार्थना करणं यांत भांडण नाही. ज्या कामावर आपला हात पोहोचतो ते करायचं, जिथं पोहोचत नाही ते सोपवायचं. सगळी गफलत उलटं करण्यात होते : नदीची पातळी आपण काळजी करकरून उतरवायला बघतो आणि गोळी द्यायची वेळ विसरतो.

औषध बंद करू नका

याच्यावर मी थोडं कडक बोलणार आहे. एका सभेत यांना सांगितलं गेलं, की मशीन सोडा, विश्वास पुरा करा, बरे व्हाल. बोलणारा माणूस मनापासून बोलत असेल, मला त्याचा न्याय करायचा नाही. पण डायलिसिस थांबवलेला पेशंट किती दिवस जगतो ते मी वॉर्डात पाहिलंय. पौलाचा सोबती लूक वैद्य होता आणि पौल त्याला ‘प्रिय’ म्हणतो. तीमथ्याच्या पोटदुखीसाठी पौलानं घरगुती उपायच लिहून पाठवला. डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवाकडे पाठ फिरवणं नव्हे. तुमचं इन्शुलिन, बीपीची गोळी, मनाच्या आजाराची गोळी, काहीही कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. प्रार्थना करा आणि गोळी घ्या.

आणि झोपा. संदेष्टा एलिया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा दिला, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा जेवू घातलं. बोलणं त्यानंतर. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईला तीन रात्री झोप नसेल, तर तिचा विश्वास डळमळलाय असं समजू नका. तिला झोप हवी आहे.

वचन आख्खं वाचा, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन आमच्या भिंतीवर टांगलेलं आहे. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. त्याच्या आधीचं, दहावं वचन भिंतीवर कुणी टांगत नाही. त्यात लिहिलंय, बाबेलात सत्तर वर्षं जातील. बाबेलात धरून नेलेल्या ज्या लोकांना यिर्मयानं ते पत्र लिहिलं, त्यातले बरेचसे परत जाण्याआधी तिथंच मरणार होते. त्यांना देव म्हणाला, घरं बांधा, बाग लावा, फळं खा. मला हे आधी निराश करायचं. नंतर त्यातच आधार सापडला. म्हणजे सुटका लांब असली तरी हिताचा संकल्प खोटा ठरत नाही, आणि मधल्या काळात कढीपत्त्याला पाणी घालायला हरकत नाही.

मी तीन वर्षं किडनीसाठी प्रार्थना केली. यांचं नाव प्रतीक्षा यादीत होतं, माझी किडनी जुळली नाही. जानेवारी २०२२ मध्ये हे गेले. पहाटे, झोपेत, माझा हात हातात होता.

पौलानं आपल्या शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवलं आणि काटा राहिला. गेथशेमाने बागेत, धरून नेण्याआधी, खुद्द प्रभूनं प्याला टळावा म्हणून मागितलं आणि प्याला टळला नाही. मागणं चुकीचं नव्हतं, विश्वास कमी पडला नव्हता. म्हणून तुमच्या घरात मरण आलं आणि कुणी म्हणालं, ‘तुमची प्रार्थना कमी पडली,’ तर त्या माणसाला गेथशेमाने दाखवा. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा बायबलाच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या, आणि दुसऱ्या वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः जाईपर्यंत करत राहिल्या. दुःखी आईनं रोज सकाळी उठून त्याच देवाचं वचन मराठीत आणत बसणं. मला विश्वास कसा दिसतो असं विचारलं, तर ते टेबल डोळ्यांपुढे येतं.

अशा दिवसांत स्वतःला शब्द सुचत नाहीत. तेव्हा इतरांचे शब्द घ्या. मातीनंतरच्या दोन रविवारी मला गीत म्हणता आलं नाही, तोंड उघडलं की रडू यायचं. तरी मी उपासनेला जाऊन बसले. शेजारच्या बाया गात होत्या, मी ऐकत होते. माझ्या वाटणीचं त्या गात होत्या असं मी धरलं.

भेटायला जाणार असाल तर

ईयोबाचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांचं बरोबर होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. तेव्हा गप्प बसा, भाकरी-भाजीचा डबा न्या, धुणं वाळत घाला, डायलिसिसच्या चार तासांतले दोन तास तुम्ही बसा म्हणजे घरच्या माणसाला आंघोळ करता येते. आक्कांनी माझ्यासाठी हे सगळं केलं.

‘येथवर’ची वही

शेवटची एक सवय. शमुवेलानं एक धोंडा उभा करून त्याला एबन-एजर (साहाय्याचा धोंडा) नाव दिलं, आणि म्हणाला, ‘येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे.’ मी दोनशे पानी वही घेतली आणि वर लिहिलं ‘येथवर’. रोज रात्री तारीख टाकून एक ओळ. मोठं काही नाही. ‘सुई पहिल्याच प्रयत्नात लागली.’ ‘पाळकसाहेबांनी रिक्षाचे पैसे दिले, न मागता.’ ‘८ ऑगस्ट २०१९. बोट.’ काही दिवस नुसतंच ‘आज काही दिसलं नाही’ असंही आहे. तेही लिहा, खोटं लिहू नका. मी मागची पानं वाईट रात्री वाचते. आपल्या आठवणीला दुःखच तेवढं ठळक राहतं, वहीला दोन्ही राहतं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, पाणी पुन्हा तळमजल्यात शिरलं, तेव्हा पिशवीत फाइलच्या आधी मी ही वही घातली होती.

आता तिसरी वही चालू आहे. बाटली मी गेल्या वर्षी मंडळीतल्या एका मुलीला दिली. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, पदरात दोन लहान पोरं. कपभर चहा झाला की कपभर पाणी कसं काढायचं ते तिला दाखवलं. तिनं विचारलं, ‘सिस्टर, हे किती वर्षं करायचं?’ मी म्हटलं, ‘उद्या सकाळी सहाला भर.’ गुरुवारी साडेसातला तिच्याबरोबर रिक्षात मी असते.